‘टाकून दिलेले’ विमानतळ: नेमके कुणी टाकले?

माझ्या पहिल्या रिसर्च प्रपोजलचं शीर्षक होतं, ‘पूर्व भारतातील परित्यक्त युद्धकालीन विमानतळ: इतिहास आणि अवशेष’. गाइडनी ते वाचलं, ‘परित्यक्त’ या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केला आणि बाजूला एकच शब्द लिहिला: ‘कुणी?’ मला तेव्हा वाटलं, मॅडमना शब्दांचा कीस पाडायची सवयच आहे. परित्यक्त म्हणजे परित्यक्त, त्यात कुणी काय विचारायचं? विमानं गेली, सैनिक गेले, काँक्रीट उरलं. तो प्रश्न नीट समजायला मला दीड वर्ष लागलं. आज ज्या दोन पुस्तकांबद्दल लिहितेय, ती दोन्ही मी आधी भक्तिभावाने वाचली होती आणि त्या प्रश्नानंतर पुन्हा वाचावी लागली. तुमच्यापैकी जे लिटरेचर रिव्ह्यू लिहायला बसलेत त्यांना हा प्रवास ओळखीचा वाटेल.

पहिलं पुस्तक रॉजर फ्रीमन यांचं ‘एअरफील्ड्स ऑफ द एट्थ: देन अँड नाऊ’. साल 1978. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचं आठवं हवाई दल इंग्लंडच्या पूर्व भागातून जर्मनीवर बॉम्बहल्ले करत होतं. नॉरफोक, सफोक, एसेक्स या शेतीच्या प्रदेशात तेव्हा दर चार-पाच मैलांवर एक विमानतळ उभा राहिला. 1942 नंतर त्यांचा नमुनाही ठरून गेला होता: एक मुख्य धावपट्टी 6,000 फुटांची, दोन आडव्या धावपट्ट्या प्रत्येकी 4,200 फुटांच्या, रुंदी 150 फूट, आणि या सगळ्याला वळसा घालणारा काँक्रीटचा रस्ता. वरून पाहिलं तर इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी आकृती. फ्रीमन यांनी या तळांचे युद्धकाळातले फोटो आणि सत्तरच्या दशकातले फोटो शेजारी शेजारी छापले. इथे बॉम्बर उभा होता, आता गहू उभा आहे. इथे कंट्रोल टॉवर होता, आता खिडक्यांतून झाड बाहेर आलंय.

या पुस्तकाचं श्रेय आधी देऊन टाकते, कारण पुढे मी त्याच्याशी भांडणार आहे. फ्रीमन हे विद्यापीठातले इतिहासकार नव्हते. ते एसेक्समधले शेतकरी. जन्म 1928 चा, म्हणजे घराजवळ बॉक्स्टेडचा तळ उभा राहिला तेव्हा ते ऐन पोरवयात. कुंपणापाशी उभं राहून विमानांचे नंबर टिपणारा मुलगा पुढे ‘द माइटी एट्थ’ (1970) लिहितो आणि त्या हवाई दलाला पुस्तकाचंच नाव चिकटतं, हे विलक्षण आहे. शिवाय त्यांनी फोटो घेतले ते अगदी मोक्याच्या वेळी. त्या काळात या धावपट्ट्या उखडून, काँक्रीट फोडून, त्याची खडी नव्या हमरस्त्यांखाली घालायचं काम जोरात चालू होतं. मायकेल बोयर यांच्या ‘ॲक्शन स्टेशन्स’ मालिकेचा पूर्व इंग्लंडवरचा पहिला खंड 1979 मध्ये आला, तोही याच धांदलीत. ही माणसं तेव्हा फिरली नसती तर आज आपल्याकडे कितीतरी तळांच्या नुसत्या रेघा उरल्या असत्या.

मग भांडण कशाशी? भांडण त्या दोन फोटोंच्या मधल्या पांढऱ्या पट्टीशी आहे. ‘तेव्हा’ आणि ‘आता’ असे दोन फोटो शेजारी ठेवले की वाचणाऱ्याचं मन आपोआप एक गोष्ट जुळवतं: आधी गजबज, मग शांतता. पण 1945 ते 1977 ही बत्तीस वर्षं काय रिकामी होती का? 1946 च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये घरांची इतकी टंचाई होती की बेघर कुटुंबं सरळ रिकाम्या लष्करी छावण्यांमध्ये घुसली. विमानतळांवरच्या त्या अर्धगोल पत्र्याच्या निसेन हट्समध्ये त्यांनी चुली मांडल्या, पडदे लावले, आपसात समित्या नेमल्या. त्या ऑक्टोबरपर्यंत हजारावर छावण्यांमध्ये सुमारे 40 हजार माणसं राहत होती. काहींचा मुक्काम पुढे कित्येक वर्षं चालला. ज्यांचं बालपण त्या पत्र्याखाली गेलं, त्यांना ‘तुमचं घर परित्यक्त विमानतळ होतं’ असं सांगून पाहा.

पोलिश निर्वासितांचंही तसंच. 1947 च्या पोलिश पुनर्वसन कायद्यानंतर ब्रिटनभर त्यांच्या छावण्या झाल्या, त्यांतल्या काही मेल्टन मोब्रेसारख्या जुन्या विमानतळांवर. आता इथे एक धागा थेट आपल्या कोल्हापूरला येतो. 1943 पासून कोल्हापूरजवळ वळिवडे इथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं, राहत होती. 1947-48 मध्ये ती छावणी मिटली आणि त्यांतले अनेक जण इंग्लंडला अशाच पुनर्वसन छावण्यांमध्ये गेले. इकडे त्यांच्या रिकाम्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि त्या वस्तीचं गांधीनगर झालं. कोल्हापूरकर तिथे कापड घ्यायला जातात. कल्याणच्या लष्करी छावणीचं उल्हासनगर झालं हे तर सगळ्यांनाच माहीत आहे. उल्हासनगरला कुणी ‘परित्यक्त लष्करी तळ’ म्हणत नाही. का म्हणत नाही, याचा विचार केला की माझ्या शीर्षकातला घोळ दिसायला लागतो. जिथे नंतर आलेली माणसं आपल्या नजरेसमोर आहेत, तिथे आपण तो शब्द वापरत नाही. जिथे ती फोटोच्या चौकटीत आली नाहीत, तिथे बिनदिक्कत वापरतो.

दुसरं पुस्तक अगदी वेगळ्या जातीचं. अमेरिकी हवाई दलाच्या अधिकृत इतिहासाचा पाचवा खंड, संपादक क्रेव्हन आणि केट, 1953. माझ्या विषयाला हा खंड टाळता येत नाही, कारण बंगालमधल्या बी-29 तळांची हकीकत त्यात आहे. थोडक्यात पार्श्वभूमी सांगते. बी-29 हे त्या काळातलं सगळ्यात अवजड बॉम्बर विमान. ते भारतात ठेवायचं, चीनमधल्या चेंगडूजवळच्या तळांवर हिमालय ओलांडून न्यायचं आणि तिथून जपानवर सोडायचं, अशी योजना होती. त्यासाठी खरगपूर, चाकुलिया, पियारडोबा आणि दुधकुंडी इथल्या धावपट्ट्या वाढवून मजबूत केल्या गेल्या. पहिलं बी-29 चाकुलियाला उतरलं 2 एप्रिल 1944 ला. 5 जूनला पहिली मोहीम झाली, 98 विमानं बँकॉकच्या रेल्वे यार्डावर गेली. मार्च 1945 च्या अखेरीस भारतातली शेवटची मोहीम झाली आणि सगळा पसारा मारियाना बेटांकडे हलला. म्हणजे एवढा खटाटोप झाला तो जेमतेम वर्षभरासाठी.

हा इतिहास उत्तम लिहिलाय, हे आधी कबूल करते. सरकारी असूनही त्यात स्वतःच्या फजितीची कबुली आहे. योजना कशी फसली, इंधन डोंगरापलीकडे न्यायलाच किती इंधन जळलं, सगळं मोकळेपणाने सांगितलंय. पण त्याचा मूळ प्रश्न एकच आहे: तळ वेळेत का तयार झाले नाहीत? या प्रश्नातून पाहिलं की जमीन म्हणजे अडचणींच्या यादीतली एक नोंद होते. पाऊस, उष्मा, यंत्रांचा तुटवडा, मजुरांचा तुटवडा, आणि मग जमीन.

ती जमीन कुठली होती बघा. खरगपूर आणि दुधकुंडी मेदिनीपूर जिल्ह्यात. याच जिल्ह्याच्या किनारी भागाला 16 ऑक्टोबर 1942 ला चक्रीवादळाने झोडपलं. डिसेंबरमध्ये तामलुकला ताम्रलिप्त जातीय सरकार उभं राहिलं, आपल्या सातारच्या प्रतिसरकारचं भावंडच म्हणा. 1943 मध्ये दुष्काळ आला. आणि लगेच पुढच्या हिवाळ्यात तिथेच अमेरिकी इंजिनिअर धावपट्ट्या वाढवायला आले. बंगालच्या दुष्काळाच्या चौकशी आयोगाने 1945 च्या अहवालात नोंदवलंय की लष्करी कामांसाठी 30 हजारांहून जास्त कुटुंबांना घरं आणि जमिनी सोडाव्या लागल्या, भरपाई दिली गेली, तरी त्यांतल्या अनेक कुटुंबांतली माणसं पुढे दुष्काळाला बळी पडली यात शंका नाही. (हा आकडा सगळ्या लष्करी कामांचा मिळून आहे, फक्त विमानतळांचा नाही. तो नुसता विमानतळांच्या खात्यावर टाकायचा मोह मला झाला होता, तुम्हालाही होईल. टाळा.) बी-29 तळांची कहाणी एका कपाटात आणि दुष्काळाचा अहवाल दुसऱ्या कपाटात, असं हे चाललंय. एकाच जिल्ह्यातली, लागोपाठच्या दोन हिवाळ्यांतली गोष्ट, पण लायब्ररीत तिचे नंबरसुद्धा वेगळ्या मजल्यावर.

आता मुद्द्याचं. ‘टाकून दिलं’ याला एक कायदेशीर बाजू आहे आणि ती मला सगळ्यात उशिरा कळली. जमीन सरकारने घेण्याचे दोन प्रकार. एक संपादन, म्हणजे मालकीच बदलते. दुसरा तात्पुरता ताबा, म्हणजे मालकी मूळ माणसाची, वापर सरकारचा. युद्धकाळात भारत संरक्षण नियमांखाली हा दुसरा प्रकार सर्रास चालला. युद्ध संपलं की ताबा सुटायला हवा ना? पण 1947 च्या कायद्याने ताब्यातल्या जमिनींवरचे अधिकार चालूच ठेवले आणि 1952 मध्ये स्थावर मालमत्तेचा ताबा आणि संपादन यांसाठी नवा केंद्रीय कायदा आला. म्हणजे विमानं 1945 मध्ये उडून गेली तरी फाइल तिथेच बसून राहू शकत होती. धावपट्टीवर गवत उगवलं, कागदावर मात्र कुणीच काही टाकलं नव्हतं.

ब्रिटनमध्ये याच प्रश्नावर एक मंत्री घरी गेला. डॉर्सेटमधल्या क्रिचेल डाउन इथली 725 एकर जमीन हवाई खात्याने युद्धाच्या आधी बॉम्बफेकीच्या सरावासाठी घेतली होती. नंतर ती मूळ कुटुंबाला परत द्यायचं सोडून दुसऱ्याच खात्याकडे गेली. कुटुंब वजनदार होतं, प्रकरण लावून धरलं, चौकशी झाली आणि जुलै 1954 मध्ये कृषिमंत्री थॉमस डगडेल यांनी राजीनामा दिला. फ्रीमन यांच्या ‘आता’च्या फोटोत जो गहू डोलतोय, त्याच्यामागे जमीन परत मागू शकणारा, कागद हातात असलेला मालक आहे. मेदिनीपूरच्या बर्गादाराचं, म्हणजे वाट्याने कसणाऱ्याचं, तसं नव्हतं. भरपाईच्या यादीत नाव यायला आधी हक्काच्या नोंदीत नाव लागतं. आर्काइव्हमध्ये तुम्हाला यादी सापडली म्हणजे सगळी माणसं सापडली असं समजू नका. यादीबाहेर कोण होतं, हे यादी कधीच सांगत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी पियारडोब्याला गेले. विष्णुपूरजवळ, सालाच्या जंगलात. हातात जुन्या नकाशाची झेरॉक्स, गळ्यात कॅमेरा, डोक्यात ‘तेव्हा आणि आता’. एक आजोबा गुरं घेऊन आले होते. माझ्या मोडक्यातोडक्या बंगालीत मी विचारलं, ही जागा टाकून दिलेली आहे ना, कधीपासून? ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, ‘दीदी, टाकलेली कुठे? मी रोज येतो की.’ मी वहीत लिहिलं: ‘सध्याचा वापर: चराई.’ परतीच्या गाडीत ते वाचलं आणि स्वतःचीच लाज वाटली. वीस मिनिटं माणूस बोलायला तयार होता आणि मी धावपट्टीची रुंदी मोजत होते.

म्हणून या दोन पुस्तकांवरची माझी टीका मला जपून मांडायची आहे. ‘लेखकाने स्थानिकांकडे दुर्लक्ष केले आहे’ हे वाक्य रिव्ह्यूमध्ये टाकायला फार सोपं असतं. मीही पहिल्या मसुद्यात ते पाच वेळा टाकलं होतं. फ्रीमन यांना वैमानिकांच्या आठवणींसाठी जागा नक्की करून द्यायच्या होत्या, ते त्यांनी चोख केलं. केट यांना एका लष्करी योजनेचा हिशेब मांडायचा होता, तोही मांडला. त्यांनी काय लिहिलं नाही याची यादी करण्यात अर्थ नाही. त्यांनी वापरलेली मांडणी माझ्या प्रश्नाला चालणार नाही, हे दाखवणं माझं काम. दोन फोटोंची चौकट मधली माणसं धरूच शकत नाही आणि वेळापत्रकाची चौकट आधीची माणसं धरू शकत नाही. हे दाखवलं तरच पुढे ‘मग मी कुठली चौकट घेणार’ असं विचारायची सोय होते.

माझ्यापुरतं तूर्तास ठरलंय ते असं. प्रत्येक तळासाठी आधी मौजाचा नकाशा काढायचा, धावपट्टीखाली कुठले भूखंड गेले ते बघायचं, मग ताब्याची फाइल, मग अमेरिकी कागद, सगळ्यात शेवटी अवशेष. म्हणजे बरोब्बर उलटा क्रम. यात वेळ दुप्पट जातो. दुधकुंडीला आज हवाई दलाचा सराव चालतो, तिथे मला प्रवेश नाही, त्यामुळे तिथलं काम नकाशावरच. उलट हिजलीची बंदीशाळा रोज बघायला मिळते. 16 सप्टेंबर 1931 ला तिथे राजबंद्यांवर गोळीबार झाला, युद्धात तीच इमारत बी-29 कमांडचं मुख्यालय झाली आणि 1951 मध्ये तिथेच पहिल्या आयआयटीचे वर्ग भरले. वीस वर्षांत तीन वेळा माणसं बदलली, इमारत तीच राहिली.

प्रपोजलचं नवं शीर्षक ‘पूर्व भारतातील युद्धकालीन विमानतळांखालची जमीन, 1942 ते 1952’ असं दिलंय. गाइडनी या वेळी 1952 भोवती गोल केलाय.