निकेलच्या जागी कोबाल्ट : ‘स्पायडर-व्हर्स’ आणि नॉव्हेल्टीचा प्रश्न

पेट पास झालेले आणि आता सिनॉप्सिस लिहायला बसलेले बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात : “नॉव्हेल्टी म्हणजे नेमकं काय दाखवायचं?” आज त्याचं उत्तर एका सिनेमातून देऊन बघते. तोही सुपरहिरोच्या सिनेमातून. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

आधी माझी फजिती सांगते. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचा विषय होता झिंक ऑक्साईडमध्ये निकेलचं डोपिंग करून प्रकाशाच्या मदतीने मिथिलीन ब्लू या रंगाचं विघटन. केमिस्ट्रीवाल्यांना आत्ताच हसू आलं असेल. समितीतल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, “निकेलच्या जागी कोबाल्ट टाकलं, तर या वीस पानांत कोणतं वाक्य बदलावं लागेल?” मी पानं चाळली. धातूचं नाव सोडून एकही वाक्य बदलत नव्हतं. म्हणजे माझ्या प्रस्तावाला निकेलबद्दल काही प्रश्नच नव्हता. निकेल फक्त रिकामी जागा भरायला आलं होतं.

तेव्हापासून ही ‘नाव बदलून बघा’ चाचणी मी सगळीकडे लावते. सुपरहिरो सिनेमाला ती फार छान लागते, कारण तिथला साचा आपल्याला पाठ आहे : साधा मुलगा, अपघाताने मिळालेली शक्ती, जवळच्या माणसाचा मृत्यू, जबाबदारीची जाणीव, शेवटी शहरावर संकट.

या चाचणीत नापास होणारं उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे. २००४ मध्ये ‘स्पायडर-मॅन : इंडिया’ हे कॉमिक आलं. पीटर पार्करचा झाला पवित्र प्रभाकर, मेरी जेनची मीरा जैन, नॉर्मन ऑस्बॉर्नचा नलिन ओबेरॉय. अंकल बेनच्या जागी भीमकाका, आंट मेच्या जागी मायाकाकू. कोळी चावण्याऐवजी एक योगी शक्ती देतो. स्पायडर-मॅनच्या पायात धोतर पाहून मजा वाटते, चित्रंही चांगली आहेत. पण कथेचा सांगाडा जसाच्या तसा. मुंबईत आल्यामुळे कथेला एखादा नवा प्रश्न पडला का? माझ्या मते, फारसा नाही. हे निकेल काढून कोबाल्ट टाकणंच झालं.

आता २०१८ चा ‘स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स’ घ्या. दिग्दर्शक तिघे : बॉब पर्सिकेटी, पीटर रॅम्सी आणि रॉडनी रॉथमन. नायक माइल्स मोरालेस, ब्रुकलिनचा शाळकरी मुलगा, वडील कृष्णवर्णीय पोलीस अधिकारी, आई प्युर्टो रिकोच्या वंशाची नर्स. कागदावर बघितलं तर हाही नाव बदलण्याचाच प्रकार वाटेल. कोळी चावतो, काका मरतो, शहर धोक्यात येतं. साचा तोच.

म्हणूनच हे उदाहरण मला संशोधनासाठी उपयोगी वाटतं. या लोकांनी साचा मोडलाच नाही. तो स्थिर ठेवला, आपण प्रयोगात बाकीचे घटक स्थिर ठेवतो तसा, आणि एकच गोष्ट बदलली : सिनेमा दिसतो कसा.

काय बदललं ते नीट समजून घेऊ. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात. नेहमीच्या संगणकी ॲनिमेशनमध्ये प्रत्येक फ्रेमला पात्राची नवी स्थिती असते, म्हणून हालचाल लोण्यासारखी गुळगुळीत दिसते. इथे बऱ्याच ठिकाणी एक स्थिती दोन फ्रेम धरून ठेवली, म्हणजे सेकंदाला १२ च स्थिती. हालचाल थोडी तुटक, पण ठसठशीत झाली. वेग दाखवण्यासाठी वापरतात तो धूसरपणा काढून टाकला. लांबची वस्तू अस्पष्ट दाखवायची असेल तिथे रंग एकमेकांपासून जरा सरकवले. स्वस्तात छापलेल्या लग्नपत्रिकेत लाल रंगाची प्लेट सरकली की गणपतीला दुहेरी कड येते ना, अगदी तसं. सावल्यांमध्ये छपाईचे ठिपके आणले. चेहऱ्यावर हाताने काढल्यासारख्या रेषा आणल्या, आणि त्या प्रत्येक फ्रेममध्ये योग्य जागी बसाव्यात म्हणून मशीन लर्निंगची मदत घेतली.

‘छान दिसतं हो, पण पुढे काय?’ असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. नुसतं वेगळं दिसणं म्हणजे नॉव्हेल्टी नाही. तर चाचणी लावू : हाच सिनेमा नेहमीच्या गुळगुळीत पद्धतीने केला असता तर काय हरवलं असतं?

अल्केमॅक्सच्या प्रयोगशाळेतून पळताना माइल्स आणि मध्यमवयीन पीटर बी. पार्कर जंगलात शिरतात तो प्रसंग आठवा. माइल्स पहिल्यांदाच जाळं टाकून झुलायला शिकतोय. त्या प्रसंगात पीटर सेकंदाला २४ स्थितींनी हलतो, माइल्स १२ नी. एकाच चौकटीत दोघांची लय वेगळी. आपल्याला कारण सांगता येत नाही, पण एकजण मुरलेला आहे आणि दुसरा धडपडतोय हे डोळ्यांना लगेच कळतं. ते सांगायला एकही संवाद लागत नाही. पुढे माइल्सचा हात बसत जातो तशी ही लय जुळत जाते. गुळगुळीत पद्धतीत हे वाक्य लिहिताच आलं नसतं.

दुसरी गोष्ट. कॉमिकमधल्या चौकटी आणि विचारांचे डबे सुरुवातीपासून नाहीत. कोळी चावल्यानंतर ते पडद्यावर उमटू लागतात. माइल्सचं जग बदललंय हे पडद्याचा पोतच सांगतो. आणि तो इमारतीवरून उडी टाकतो तेव्हा त्याची बोटं अजून काचेला चिकटलेली असतात, काच फोडून निघतात. म्हणजे भीती गेलेली नाही, तिच्यासकट तो उडी मारतोय. मग चौकट उलटी होते आणि पडणारा मुलगा वर चढताना दिसतो.

थोडक्यात, पद्धत आणि प्रश्न इथे एकमेकांना चिकटलेले आहेत. प्रश्न आहे, ‘नवखा माणूस मुरतो कसा?’ आणि पद्धत त्याचंच मोजमाप करते. तुमच्या सिनॉप्सिसमधलं नवं उपकरण हे काम करतंय का, की फक्त शीर्षक लांब करतंय?

आता जोखमीकडे येऊ. ‘धाडस करा’ म्हणणं सोपं असतं. आपली फेलोशिप मुदतीत संपते, धाडस फसलं तर दोन वर्षं जातात. इथे या सिनेमाच्या निर्मितीतला एक तपशील मला फार आवडतो. सुरुवातीला दिग्दर्शकांनी एका ॲनिमेटरसोबत वर्षभर काम केलं आणि हाती आले मनासारखे दहा सेकंद. वर्षाला दहा सेकंद! त्यानंतर टीम वाढत वाढत १४० हून जास्त ॲनिमेटरपर्यंत गेली. यालाच आपण पायलट स्टडी म्हणतो. सगळ्यात अवघड शंका आधी, लहान प्रमाणावर, परवडेल अशा खर्चात तपासायची. सिनेमाचं बजेटही सुमारे ९ कोटी डॉलर होतं, याच जातीच्या मोठ्या सिनेमांच्या निम्म्याच्या आसपास.

याच्या उलट उदाहरण ‘जोकर’चं. २०१९ चा पहिला ‘जोकर’ तुलनेने कमी पैशांत झाला, व्हेनिसमध्ये गोल्डन लायन मिळवला आणि १०० कोटी डॉलरच्या वर कमावले. २०२४ मध्ये टॉड फिलिप्सनी दुसरा भाग, ‘फोली आ द’, चक्क संगीतिका म्हणून केला. बजेट २० कोटी डॉलरच्या आसपास, आणि जगभरची कमाईही जेमतेम तेवढीच. धाडस म्हणून मला त्याचा आदर आहे. पहिल्या भागाची नक्कल करून सहज पैसे मिळाले असते. पण चाचणी लावली की दुखणं कळतं. गाणी काढून टाका. काय हरवतं? फार थोडं. गाणं सुरू होण्याआधी आर्थर जिथे असतो, बहुतेक वेळा गाणं संपल्यावरही तिथेच असतो. उलट सिनेमातलं खरं धाडस एका साध्या प्रसंगात आहे. गॅरी, आर्थरचा जुना सहकारी, कोर्टात साक्ष देतो. तू एकटाच माझी टिंगल करत नव्हतास, आणि आता मला तुझी भीती वाटते, असा त्याच्या बोलण्याचा आशय. पहिल्या भागात ज्याला आपण नायक मानून बसलो, त्याच्या हिंसेचा साक्षीदार समोर येतो. त्या प्रसंगात गाणं नाही. प्रश्न सापडला होता, पण पैसा आणि मेहनत दुसऱ्याच पद्धतीवर गेली. असं लॅबमध्येही होतं, महागडं उपकरण बुक झालेलं असतं म्हणून.

एक सावधगिरी. ‘प्रेक्षक सुपरहिरोंना कंटाळले’ असं २०२३ मध्ये खूप बोललं गेलं. त्या जूनमध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने दोन सिनेमे आले : ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ आणि ‘द फ्लॅश’. दोन्हींत मल्टीव्हर्स, दोन्हींत एकाच नायकाच्या अनेक आवृत्त्या. पहिल्याने सुमारे ६९ कोटी डॉलर कमावले, दुसऱ्याने त्याच्या निम्मेसुद्धा नाहीत. यावरून ‘नावीन्य असलं की सिनेमा चालतो’ हे सिद्ध होत नाही. दोन नमुन्यांवरून असा निष्कर्ष काढलात तर व्हायवाला मार खाल. पण दोष सुपरहिरोचा किंवा मल्टीव्हर्सचा आहे, या स्पष्टीकरणावर मात्र शंका नक्कीच येते.

‘अक्रॉस’मध्ये तर साचाच प्रश्न बनून समोर येतो. मिगेल ओ’हारा हा स्पायडर-मॅन माइल्सला सांगतो, प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात काही घटना व्हायलाच हव्यात, जवळच्या पोलीस कॅप्टनचा मृत्यू त्यातलीच एक. ती टाळली तर विश्व कोसळेल. माइल्सचे वडील कॅप्टन होणार आहेत. तो मानत नाही. शेकडो स्पायडर-मॅन एका मुलाच्या मागे धावतात, का तर त्याने साचा मोडू नये म्हणून. ‘आमच्या क्षेत्रात हे असंच करतात’ हे वाक्य ज्यांनी ऐकलंय, त्यांना हा पाठलाग ओळखीचा वाटेल.

आणि पवित्र प्रभाकर इथे परत येतो, मुंबई आणि मॅनहॅटन मिसळलेल्या मुंबट्टनमध्ये. या शहराचं रूप इंद्रजाल कॉमिक्सवरून घेतलंय, ज्यांतून आपल्या आधीच्या पिढीने मराठीत वेताळ वाचला. याही वेळी तो स्पायडर-मॅनच आहे, पण नक्कल नाही. त्याच्याच शहरात माइल्स एका कॅप्टनचा जीव वाचवतो आणि साच्याला पहिला तडा जातो. २००४ चं कोबाल्ट इथे खरोखर अभिक्रियेत भाग घेतं.

कौतुक इथे थांबवते, कारण एक गोष्ट लपवली तर हा लेख खोटा होईल. ‘अक्रॉस’ प्रदर्शित झाल्यावर ‘व्हल्चर’ने त्यावर काम केलेल्या काही कलाकारांच्या मुलाखती नावं न देता छापल्या. पूर्ण झालेली दृश्यं पुन्हा पुन्हा बदलायला लावणं, आठवड्याचे सातही दिवस अकरा तासांहून जास्त काम, आणि सुमारे शंभर कलाकार मध्येच सोडून गेले असा त्यांचा आरोप होता. स्टुडिओच्या बाजूने उत्तर आलं की असे बदल हा ॲनिमेशनच्या प्रक्रियेचाच भाग आहे. मार्च २०२४ ला ठरलेला तिसरा भाग पुढे ढकलला गेला.

मला हा सिनेमा अजूनही तितकाच आवडतो. पण साचा माणसांचा बळी मागतो, हे नाकारणाऱ्या मुलाची गोष्ट सांगताना, ती बनवणाऱ्यांनाच किंमत मोजावी लागली असेल, तर ते टोचतं. पहिल्या वेळी शंका दहा सेकंदांत तपासली होती. दुसऱ्या वेळी, या आरोपांवर विश्वास ठेवला तर, ती तयार झालेल्या दृश्यांवर, दुसऱ्यांच्या रात्रींवर तपासली गेली. जोखीम कुणी घेतली आणि भरली कुणी, हा प्रश्न सिनेमाला विचारायचा, तसा लॅबलाही विचारायचा. गाईडच्या धाडसी कल्पनेसाठी ज्युनिअरने दिवाळीतही रीडिंग घ्यायची, हे आपण फार सहज मान्य करतो.

तर सिनॉप्सिस उघडा आणि तीन गोष्टी बघा. मुख्य शब्द बदलून बघा, किती वाक्यं हलतात? नवी पद्धत काढून बघा, प्रश्नाचं काही नुकसान होतं का? आणि सगळ्यात मोठी शंका पहिल्या सहा महिन्यांत, स्वतःच्या वेळेत तपासता येईल का? माझं दुसरं सिनॉप्सिस यातल्या पहिल्या दोनांत पास झालं. तिसऱ्यावर काम चालू आहे.