समान वेतन आणि मालकाचा हिशेब : एका निकालाची चिकित्सा

कष्टाच्या मोबदल्यासाठी मराठीत अनेक शब्द आहेत. ‘मजुरी’ व ‘रोजंदारी’ फारसीकडून आले, ‘पगार’ पोर्तुगीजांकडून, तर ‘वेतन’ हा संस्कृत शब्द. काम करणारा हात पुरुषाचा की स्त्रीचा, हे यांपैकी एकही शब्द सांगत नाही. तो भेद होतो मालकाच्या हजेरीपटावर. त्या भेदाचे समर्थन कसे केले जाते आणि ते कितपत टिकते, हे पाहण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा ‘मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्री डिकॉस्टा’ हा 1987 चा निकाल आजही उपयुक्त आहे.

समान कामासाठी समान वेतन हे तत्त्व संविधानाच्या अनुच्छेद 39 मध्ये आहे. त्यासाठी 1975 मध्ये वटहुकूम निघाला आणि 1976 मध्ये कायदा झाला. मुंबईतील सदर कंपनीत स्त्री स्टेनोग्राफरांना पुरुष स्टेनोग्राफरांपेक्षा कमी वेतन मिळत असे. 1977 मध्ये नोकरी संपल्यावर डिकॉस्टा यांनी फरकाची रक्कम मागितली. कंपनीचा बचाव तीन मुद्द्यांवर उभा होता : स्त्रियांचे काम वरिष्ठ अधिकाऱ्यांशी निगडित, म्हणून त्यांचा वर्ग वेगळा, वेतनश्रेणी कामगार संघटनेशी झालेल्या करारातून ठरलेली, आणि समान वेतन देणे कंपनीला परवडणारे नाही.

न्यायालयाने तिन्ही मुद्दे फेटाळले. त्या जागांवर केवळ स्त्रिया नेमणे ही कंपनीचीच निवड होती. तेवढ्याने काम वेगळे ठरत नाही. पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम पाहावे. करार कायद्यापेक्षा मोठा नाही. आणि भेदभाव चालू ठेवण्यास आर्थिक अडचण ही सबब होऊ शकत नाही.

या निकालाचे बळ तिसऱ्या उत्तरात आहे. ‘परवडत नाही’ म्हणणारा मालक वीजबिल किंवा कच्च्या मालाची किंमत अर्धी देत नाही. काटछाट होते ती जिथे प्रतिकार कमी तिथे. न्यायालयाने ही वाट बंद केली.

तथापि निकालाची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. एकाच आस्थापनेत तेच किंवा तशाच स्वरूपाचे काम करणारा पुरुष असेल तरच तुलना शक्य होते. गोव्यातील काजू कारखान्यांत फोडणी-सोलणीचे काम बहुतांशी स्त्रियाच करतात. तेथे तुलनेला पुरुषच नसेल, तर दर कमी का, हा प्रश्न विचारण्यास कायदा अपुरा पडतो. वेतन संहिता 2019 मध्ये संमत झाली व 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. 1976 चा कायदा तिच्यात सामावला गेला. परंतु ‘तेच किंवा तशाच स्वरूपाचे काम’ ही कसोटी कायम राहिली.

पेडणे व डिचोली तालुक्यांसाठी हा प्रश्न जवळचा आहे. डिचोलीत खाण हा दीर्घकाळ मोठा आधार होता. 2012 ची बंदी आणि 2018 मध्ये रद्द झालेले खाणपट्टे यांमुळे तो आधार डळमळला. अशा वेळी घरातील स्त्रीच्या कमाईला ‘हातभार’ म्हणणे वास्तवाला धरून नाही. पेडण्यात मोपा विमानतळावरून जानेवारी 2023 पासून उड्डाणे सुरू झाली. किनाऱ्यावर हॉटेले आहेत, तुयें येथे औद्योगिक वसाहत आहे. कम्युनिटी कॉलेजमधून बाहेर पडणारी मुले व मुली अशाच ठिकाणी अर्ज करतात.

मालक म्हणतात, ‘बायका टिकत नाहीत.’ येथे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते. शेजारच्या टेबलावरील पुरुषाला अधिक मिळते हे कळल्यावर कुशल स्त्री दुसरी नोकरी शोधते. तिच्या जागी नवीन माणूस शिकवण्यात वेळ, माल आणि गिऱ्हाईक जाते, आणि हा तोटा वेतनाच्या रकान्यात कधीच दिसत नाही. शिवाय वाचवलेली रक्कम थकबाकी म्हणून एकदम भरावी लागू शकते, हे याच खटल्याने दाखविले. समानता साधण्यासाठी पुरुषाचे वेतन कमी करण्याची मुभा जुन्या कायद्यात नव्हती आणि संहितेतही नाही.

म्हणून दर कामाचा ठरावा, कामगाराचा नव्हे. कौशल्य, श्रम, जबाबदारी व परिस्थिती या चार गोष्टी लिहून काढणाऱ्या मालकाला आपला हिशेब कोणासमोरही मांडता येतो. रोजगाराभिमुख अभ्यासक्रम शिकवणाऱ्या अध्यापकांनी अर्ज कसा लिहावा याबरोबर वेतनपत्रक कसे वाचावे हेही शिकवले, तर 1987 च्या निकालाचा अर्थ डिचोली-पेडण्याच्या मुलींपर्यंत पोहोचेल.