संगणक-जाळ्यांच्या मूलस्तरीय आज्ञावली आणि सुवाह्यतेचा प्रश्न : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

वर्सोवा म्हटले की वेसाव्याचा कोळीवाडा, मासळीचे बंदर आणि चौपाटी डोळ्यांसमोर येतात. मुंबईच्या पश्चिम उपनगरातील याच किनाऱ्याच्या वाळूखालून भारताला जगाशी जोडणाऱ्या अनेक समुद्रतळ तारा जमिनीवर येतात. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२३ मधील शिफारशींनुसार २०२२ अखेर देशात १७ आंतरराष्ट्रीय समुद्रतळ तारा १४ केंद्रांवर उतरत होत्या. त्यांत मुंबईचा, आणि मुंबईत वर्सोव्याचा, वाटा मोठा आहे. या तारांतून वाहणाऱ्या माहितीच्या पुडक्याला, म्हणजे पॅकेटला, पलीकडील संगणकावर विंडोज आहे की लिनक्स याचे सोयरसुतक नसते. संगणकाच्या आत शिरताच मात्र चित्र बदलते. पॅकेट स्वीकारणारी, तपासणारी व पुढे पाठविणारी मूलस्तरीय आज्ञावली त्या त्या कार्यप्रणालीच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या, रचनेशी घट्ट बांधलेली असते.

अशी आज्ञावली एका कार्यप्रणालीवरून दुसरीवर अल्प श्रमात नेता येणे यास सुवाह्यता किंवा पोर्टेबिलिटी म्हणतात. कार्यप्रणालींतील भेद झाकणारा एक थर रचला की सुवाह्यता साधते, ही धारणा अध्यापनात सर्रास आढळते. मूलस्तरावर ही धारणा अपुरी आहे आणि भेद झाकण्यापेक्षा त्यांची स्पष्ट नोंद करणे हाच सुवाह्यतेचा खरा पाया आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

एर्नेटचा पूर्वानुभव

या प्रश्नाला मुंबईत एक इतिहास आहे. वर्सोव्याच्या दक्षिणेस असलेल्या जुहू येथे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, कार्यरत होते. १९८५ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे संस्थापक संचालक डॉ. श्रीनिवासन रमणी होत. २००३ साली ही संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ साली एर्नेट हा प्रकल्प हाती घेतला. त्यात विभागासह एनसीएसटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि पाच आयआयटी सहभागी होत्या. एनसीएसटी व आयआयटी मुंबई यांच्यात प्रारंभी दूरध्वनीच्या साध्या तारेवरून यूयूसीपीच्या आधारे ई-मेलची देवाणघेवाण झाली. १९८९ साली एनसीएसटीमार्फत अमेरिकेतील यूयूनेटशी दुवा जोडला गेला.

यूयूसीपी या नावाचा विस्तार 'युनिक्स टू युनिक्स कॉपी' असा आहे. दोन्ही टोकांना एकाच कुळातील कार्यप्रणाली असेल, हे गृहीतक या नावातच आहे. पुढे डॉसवर चालणाऱ्या आवृत्त्याही निघाल्या, परंतु त्यासाठी कोणाला तरी ते गृहीतक ओळखून दूर करावे लागले. एर्नेटच्या मुख्य जाळ्यावर पुढे टीसीपी/आयपी आणि आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची ओएसआय अशा दोन नियमसंहिता शेजारी शेजारी चालविण्यात आल्या. १९९५ पासून जवळजवळ सर्व वाहतूक टीसीपी/आयपीवरून होऊ लागली. या निकालाची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक येथे महत्त्वाचे ठरते. टीसीपी/आयपीची चालती आज्ञावली १९८३ च्या ४.२ बीएसडी या वितरणासोबत विद्यापीठांपर्यंत मूळ स्वरूपात पोहोचली होती. ती वाचता येत होती आणि आपल्या यंत्रास साजेशी बदलता येत होती. मानकाचा मजकूर कितीही परिपूर्ण असला तरी तो स्वतःहून एका यंत्रावरून दुसऱ्यावर जात नाही. त्यासाठी वाचता येणारी आज्ञावली आणि ती वाचू शकणारा माणूस लागतो.

समान नावे, असमान आशय

४.२ बीएसडीने रूढ केलेला सॉकेट हा संकल्प आज जवळजवळ सर्व कार्यप्रणालींवर उपलब्ध आहे. जानेवारी १९९३ मध्ये विनसॉक १.१ च्या रूपाने तो विंडोजवर स्थिरावला आणि २००१ च्या पॉझिक्स मानकात त्याचा समावेश झाला. म्हणून पाठ्यपुस्तकांत सॉकेट ही एकच वस्तू असल्यासारखे तिचे वर्णन केले जाते.

वास्तव वेगळे आहे. युनिक्स कुळात सॉकेट ही फाइलसारखीच वस्तू असते. ती वाचण्याच्या, लिहिण्याच्या व मिटविण्याच्या आज्ञा फाइलच्याच असतात. विंडोजमध्ये ती स्वतंत्र वस्तू आहे. वापरापूर्वी डब्ल्यूएसए-स्टार्टअप ही आज्ञा द्यावी लागते, सॉकेट मिटविण्यासाठी क्लोजसॉकेट वापरावे लागते आणि त्रुटीचे कारण एररनोत न मिळता वेगळ्या आज्ञेने विचारावे लागते. सिलेक्ट ही आज्ञा दोन्हीकडे त्याच नावाने आहे, पण विंडोजमध्ये ती केवळ सॉकेटवर चालते. येथे नाव एक असल्यानेच फसगत होते. नाव वेगळे असते तर आज्ञावलीकार सावध झाला असता.

मूलस्तरावर उतरल्यावर ही विषमता अधिक तीव्र होते. पॅकेटचा शिरोभाग स्वतः रचून पाठविण्यासाठी रॉ सॉकेट वापरतात. जाळ्यावर संख्येतील मोठ्या स्थानमूल्याचा बाइट आधी पाठविण्याचा नियम आहे, तर आजच्या बहुतेक संगणकांत लहान स्थानमूल्याचा बाइट आधी साठवला जातो. रूपांतर विसरल्यास ८० हा पोर्ट-क्रमांक जाळ्यावर २०४८० असा वाचला जातो. ही चूक विद्यार्थ्यास शिकविली जाते. मात्र पॅकेटची एकूण लांबी व खंडनिर्देश ही दोन क्षेत्रे रॉ सॉकेटवर फ्रीबीएसडीमध्ये ११.० या आवृत्तीपूर्वी, म्हणजे २०१६ पर्यंत, यंत्राच्या क्रमाने द्यावी लागत, तर लिनक्सवर ती जाळ्याच्या क्रमाने असतात, हे सहसा शिकविले जात नाही. जाळ्याचा नियम बिनचूक पाळणारी आज्ञावलीही त्यामुळे त्या फ्रीबीएसडीवर चुकीची ठरत असे.

काही भेद तांत्रिक नसून धोरणात्मक असतात. २००४ साली विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने रॉ सॉकेटवरून टीसीपीचा मजकूर पाठविण्यास सुरक्षेच्या कारणास्तव बंदी घातली. जेथे कार्यप्रणालीच एखादी कृती नाकारते, तेथे कोणताही आच्छादक थर ती कृती परत मिळवून देऊ शकत नाही.

भेद मान्य करणारी रचना : लिबपीकॅप

या पार्श्वभूमीवर लिबपीकॅप ही लायब्ररी अभ्यसनीय ठरते. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन, क्रेग लेरेस व स्टीव्हन मॅकॅन यांनी टीसीपीडम्प या साधनासोबत ती घडविली. जाळ्यावरून जाणारी पॅकेटे जशीच्या तशी टिपण्यासाठी बीएसडीमध्ये बीपीएफ, लिनक्समध्ये पॅकेट सॉकेट आणि सोलारिसमध्ये डीएलपीआय अशा परस्परांशी न जुळणाऱ्या सोयी होत्या. लिबपीकॅपने त्यांवर समान आज्ञांचा संच दिला.

तिचे वैशिष्ट्य समान आज्ञांपेक्षा तिच्या प्रामाणिकपणात आहे. हाती आलेल्या पॅकेटचा शिरोभाग कोणत्या प्रकारचा आहे हे ती गृहीत धरू देत नाही. पीकॅप-डेटालिंक ही आज्ञा देऊन ते विचारावे लागते. इथरनेटवर एक उत्तर येते, तर लिनक्सवर 'एनी' हे सर्वसमावेशक साधन निवडल्यास वेगळे उत्तर येते. वाचनाची कालमर्यादा सर्व कार्यप्रणालींवर सारखी चालत नाही, हेही तिच्या माहितीपत्रकात नमूद आहे. आज्ञावलीकारास येथे भेदांसह जगण्याची पद्धत मिळते.

तिच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. विंडोज पॅकेट टिपण्याची अशी सोय स्वतः देत नसल्याने तेथे कार्यप्रणालीच्या गाभ्यात बसविण्याचा वेगळा चालक लिहावा लागला. तोरिनो येथील तंत्रविद्यापीठातून आलेल्या विनपीकॅपने ती गरज भागविली. त्याची शेवटची आवृत्ती २०१३ मधील असून आता त्याची जागा एनपीकॅपने घेतली आहे. सुवाह्यता एकदा मिळवून ठेवण्याची वस्तू नसून ती सतत राखावी लागते, हे या उदाहरणावरून दिसते.

समान साचा कोणाचा?

आच्छादक थराच्या बाजूने एक सबळ युक्तिवाद आहे. सर्वसामान्य आज्ञावलीकाराने हे सर्व भेद का जाणावेत? २०११ साली नोड.जेएस विंडोजवर नेण्यासाठी घडविलेल्या लिबयूव्हीचे यश या युक्तिवादास बळ देते. लिनक्समधील ईपोल व फ्रीबीएसडीतील केक्यू 'आता वाचता येईल' अशी सूचना देतात. विंडोजची कम्प्लीशन पोर्ट ही यंत्रणा 'वाचून झाले' असे कळविते. लिबयूव्हीने 'काम सांगा, पूर्ण झाले की कळवू' असा साचा आज्ञावलीकारापुढे ठेवला आणि युनिक्सवर तो आतून उभारला.

हे यश मान्य करूनही एक प्रश्न उरतो. समान साचा तटस्थ नसतो. तो कोणत्या तरी एका प्रणालीच्या वळणाचा असतो आणि दुसरीला त्यात बसण्याची किंमत मोजावी लागते. साहित्याच्या प्राध्यापकास हा प्रश्न भाषांतराच्या चर्चेतून परिचित आहे. लिबयूव्ही घडविणाऱ्यांना दोन्ही वळणे नीट ठाऊक होती, म्हणूनच त्यांना निवड करता आली. थर वापरणाऱ्यास भेद न जाणण्याची मुभा आहे, परंतु थर रचणाऱ्यास ती नाही.

अध्यापनाचा प्रश्न

संगणक-जाळ्यांच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थी प्रयोगशाळेतील एकाच कार्यप्रणालीवर आज्ञावली लिहितो, ती चालते आणि नोंदवहीवर स्वाक्षरी होते. आज्ञावली कोणत्या गृहीतकांवर उभी आहे, हे त्यास कोणी विचारत नाही. परिणामी तो थर वापरण्यात तरबेज होतो, पण थर मोडल्यावर निरुत्तर होतो. यावरील उपाय खर्चिक नाही. लिनक्स व फ्रीबीएसडी विनामूल्य उपलब्ध आहेत आणि एकाच संगणकावर आभासी यंत्रांच्या साहाय्याने त्या चालविता येतात. एकच लहान आज्ञावली तीन कार्यप्रणालींवर चालवून, कोठे काय व का बदलावे लागले याची नोंद विद्यार्थ्याने करावी आणि गुण त्या नोंदीला द्यावेत. आज्ञावलीची नक्कल सहज करता येते, कारणमीमांसेची नक्कल तोंडी परीक्षेत टिकत नाही.

समारोप

मूलस्तरीय जाळे-आज्ञावलीची सुवाह्यता भेद नाहीसे करून साधत नाही. सॉकेटच्या इतिहासात समान नावांनी दिशाभूल झाल्याचे दिसते, तर लिबपीकॅपने भेदांची कबुली देऊन अधिक टिकाऊ मार्ग दाखविला. एर्नेटच्या काळातील अभियंत्यांना दोन नियमसंहिता एकाच जाळ्यावर चालवाव्या लागल्या, त्यामुळे भेदांकडे डोळेझाक करण्याची सोय त्यांना नव्हती. आज वर्सोव्याच्या किनाऱ्यावर त्या काळाच्या कितीतरी पट माहिती उतरते, परंतु ती हाताळणाऱ्या सर्वांत खालच्या थराचे ज्ञान महाविद्यालयीन प्रयोगशाळेत तयार थरांच्या आड गेले आहे. ते पुन्हा दृष्टीस आणणे हे अभ्यासक्रम आखणाऱ्या अध्यापकांचे दायित्व आहे.