अँटिक्स रोडशो: किंमत सांगणारा कार्यक्रम काय सांगत नाही?

बीबीसीवर रविवारी संध्याकाळी एक कार्यक्रम लागतो. जुन्या वाड्याच्या नाहीतर किल्ल्याच्या हिरवळीवर टेबलं मांडलेली असतात. लोक घरातली एखादी जुनी वस्तू कापडात गुंडाळून आणतात आणि रांगेत उभे राहतात. मग एक जाणकार ती वस्तू उलटसुलट करून बघतो, ही कुठली, कधीची, कुणाच्या हातची ते सांगतो आणि शेवटी तिची किंमत सांगतो. मालकाचे डोळे विस्फारतात, आजूबाजूची गर्दी 'ओऽह' करते, आणि मालक म्हणतो, "पण आम्ही ती विकणार नाही हं!"

हा 'अँटिक्स रोडशो'. तुम्ही यूट्यूबवर त्याचे तुकडे नक्की बघितले असतील. माझ्या पीएचडीचा विषय आहे, वस्तूंना मोल कसं येतं. त्यामुळे हा कार्यक्रम मला एकाच वेळी आवडतो आणि खटकतो. आज दोन्हीबद्दल लिहिते.

आधी थोडा इतिहास. 1977 साली हेरफर्ड या गावी याचा पहिला प्रयोग चित्रित झाला आणि 1979 मध्ये मालिका सुरू झाली. सुरुवातीला हे सगळं गावोगावच्या सभागृहांत व्हायचं, नंतर ते सरदार-उमरावांच्या हवेल्यांच्या बागांत गेलं. अमेरिकेतली आवृत्ती 1997 पासून चालू आहे. पद्धत साधी आहे. वस्तू दाखवायला पैसे पडत नाहीत. आधी एका टेबलावर वस्तूंची विभागणी होते, मग चिनी माती, घड्याळं, चांदी, शस्त्रं अशा ज्याच्या त्याच्या जाणकाराकडे पाठवतात. आलेल्या प्रत्येकाला सल्ला मिळतो, पण कॅमेऱ्यासमोर जातात ते थोडे. म्हणजे आपण जे बघतो ते निवडून काढलेलं असतं, हे लक्षात ठेवा.

आता थोडी थिअरी, घाबरू नका. गंमत बघा, ज्या 1979 साली ही मालिका सुरू झाली, त्याच साली मायकेल थॉम्पसन या अभ्यासकाचं 'रबिश थिअरी' हे पुस्तक आलं. तो म्हणतो, बहुतेक वस्तूंची किंमत वापराबरोबर घसरत घसरत शून्यावर येते आणि वस्तू कचऱ्यात जमा होते. पण त्यातल्या काही त्या कचऱ्याच्या अवस्थेतून वर येतात आणि 'टिकाऊ' होतात, म्हणजे जितक्या जुन्या तितक्या महाग. आपल्याला हे परकं नाही. आजीचा तांब्याचा बंब आधी अडगळीत जातो, मग कुणीतरी तो मोडीत घालतं, किंवा तोच घासूनपुसून दिवाणखान्यात येतो. जरीची साडी बोहारणीला द्यायची की कपाटात जपायची, हा प्रश्न आपल्या कित्येक घरांत पडलेला आहे. रोडशो नेमका या वळणावर उभा आहे. माळ्यावरची वस्तू 'टिकाऊ' गटात गेली, हे जाहीर करायचा तो समारंभ आहे.

दुसरी कल्पना इगोर कोपिटॉफची. मुंबईत जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी 1986 मध्ये संपादित केलेल्या 'द सोशल लाइफ ऑफ थिंग्ज' या ग्रंथात त्याचा लेख आहे. त्याचं म्हणणं असं, की माणसाचं असतं तसं वस्तूचंही चरित्र असतं. कधी ती बाजारातला माल असते, कधी बाजाराबाहेर काढलेली, एकमेव. "विकणार नाही हं" या वाक्यात वस्तू बाजाराबाहेरच राहते, पण बाजाराने तिला काय दिलं असतं हेही आता सगळ्यांना कळलेलं असतं. ही ओढाताण हाच कार्यक्रमाचा प्राण आहे.

कार्यक्रमाचं कौतुक आधी करते. वस्तू कशी वाचायची, हे इतक्या सोप्या भाषेत क्वचितच कुणी शिकवतं. खुर्चीच्या खालच्या लाकडावरचे करवतीचे ओरखडे, बशीच्या बुडाची झीज, चांदीवरचे छाप. ज्या बाजूकडे आपण बघतच नाही, तिकडे जाणकार आधी बघतो. आणि त्यातून खरे शोधही लागले. रिचर्ड डॅड या चित्रकाराचं हरवलेलं मानलं गेलेलं एक जलरंगचित्र 1986 मध्ये बार्नस्टेपल इथे या कार्यक्रमात समोर आलं, आणि पुढच्या वर्षी ब्रिटिश म्युझियमने ते विकत घेतलं. ही काही लहान गोष्ट नाही.

आता खटकतं ते. पहिली गोष्ट, किंमत शेवटी येते. कथेच्या शेवटी जे येतं ते आधीच्या सगळ्याचं उत्तर वाटतं. दहा वाक्यं इतिहासाची असतात, पण लक्षात राहतो तो आकडा. आणि हा आकडा किती नाजूक असतो ते बघा. अमेरिकन रोडशोमध्ये एकाने चित्रविचित्र चेहरे कोरलेला एक मातीचा बुधला आणला. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा असावा असं ठरवून 50 हजार डॉलरपर्यंत किंमत सांगितली गेली. 2016 मध्ये भाग प्रसारित झाला आणि कळलं, की तो 1970 च्या दशकात शाळेत शिकणाऱ्या एका मुलीने केलेला होता. किंमत आली 3 ते 5 हजारांवर. बुधला तोच, माती तीच, हात तेवढेच कुशल. बदलली ती फक्त गोष्ट. कार्यक्रमाने दुरुस्ती जाहीर केली, हे चांगलंच झालं. पण माझा प्रश्न वेगळा आहे. शाळकरी मुलीने इतकं जबरदस्त काम केलं, याचं आश्चर्य जास्त वाटायला नको होतं का?

दुसरी गोष्ट, विश्वास. किंमत सांगणारे बरेच जण स्वतः लिलावगृहांतले किंवा व्यापारातले असतात. त्यांचं ज्ञान तिथूनच आलेलं असतं, त्यामुळे यात मुळात वाईट काही नाही. पण अमेरिकन आवृत्तीच्या पहिल्याच पर्वात शस्त्रांच्या दोन जाणकारांनी तलवारीचा एक बनावट प्रसंग रचला होता. मालक त्यांच्याच ओळखीचा, गोष्ट पढवलेली. पडद्यावर मिळालेल्या नावाचा वापर करून पुढे त्यांनी अमेरिकन यादवी युद्धातल्या सेनानींच्या वंशजांकडून वस्तू स्वस्तात घेतल्या आणि कित्येक पट भावाने विकल्या. प्रकरण कोर्टात गेलं, दोघेही दोषी ठरले. ज्याला किंमत सांगायचा अधिकार आपण देतो, त्याला फसवायची ताकदही देतो, हा त्यातला धडा.

तिसरी गोष्ट माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी. अभ्यासात आम्ही 'प्रोव्हेनन्स' म्हणतो, म्हणजे वस्तू कुणाकडून कुणाकडे, कशी गेली याची साखळी. रोडशोमध्ये ही साखळी बऱ्याचदा कुटुंबापाशी सुरू होते. "पणजोबा हिंदुस्थानात सैन्यात होते, त्यांनी आणली." बरं, पण पणजोबांना ती कुणी दिली? की दिलीच नाही? आणि मागे जी सुंदर हवेली दिसते, ती कुठल्या पैशातून उभी राहिली? ब्रिटनमधल्या नॅशनल ट्रस्टने 2020 मध्ये आपल्या वास्तूंचा वसाहतवाद आणि गुलामगिरीशी असलेला संबंध तपासून अहवाल काढला, त्यात 93 ठिकाणं होती. रॉबर्ट क्लाइव्हच्या घराण्याचा संग्रह असलेला पॉविस किल्ला त्यातलाच. म्हणजे मागचा देखावासुद्धा एक वस्तू आहे, आणि त्याचीही साखळी विचारायला हवी.

आपल्यापुरतं याचं ताजं उदाहरण घ्या. नागपूरच्या रघूजी भोसल्यांची तलवार 2025 मध्ये लंडनच्या सदबीज लिलावात आली. महाराष्ट्र सरकारने मध्यस्थामार्फत ती 47.15 लाख रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर झालेल्या लुटीत ती गेली असावी, असा अंदाज आहे. लिलावाच्या भाषेत तिची किंमत ठरली, पावती झाली, विषय संपला. पण जी आपल्याकडून गेली तीच पैसे मोजून परत आणायची, याचा हिशेब कुठल्या रकान्यात मांडायचा?

हे सगळं कार्यक्रमाला जमतच नाही असंही नाही. 2024 मधल्या एका भागात एक बाई हस्तिदंती कडं घेऊन आल्या होत्या. ते अठराव्या शतकातल्या पश्चिम आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापाराशी जोडलेलं होतं. जाणकार रॉनी आर्चर-मॉर्गन यांची पणजी स्वतः गुलामीतून सिएरा लिओनला परतलेली. त्यांनी कड्याचा इतिहास नीट सांगितला आणि किंमत सांगायला नकार दिला. बाईंनाही पटलं. मला वाटतं, या कार्यक्रमाने केलेलं हे उत्तम मूल्यमापन होतं. आकडा नव्हता म्हणून कुणी चॅनल बदललं नसेल, उलट त्या भागाच्या बातम्या झाल्या.

आता तुम्ही म्हणाल, असा कार्यक्रम आपल्याकडे का नाही? एक कारण कायद्यात असावं. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, काही प्रकारच्या वस्तूंची नोंदणी करावी लागते आणि व्यापाऱ्याला परवाना लागतो. देवळातून चोरीला गेलेल्या मूर्तींचा आपला अनुभव बघता हे गरजेचं आहे. पण त्यामुळे टीव्हीसमोर "माझ्याकडे हे आहे" म्हणायला लोक कचरतील, हेही खरं.

तरी एक काम कार्यक्रमाशिवाय करता येतं. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची पद्धत आहे: कुणाच्या लग्नात, कुणाकडून, कुठल्या तारखेला. संशोधकाला याहून चांगली प्रोव्हेनन्सची नोंद मिळायची नाही. पुढच्या वेळी जुनी पितळेची भांडी मोडीत घालाल, तेव्हा निदान त्यांवरची नावं वहीत उतरवून घ्या आणि मोबाइलवर एक फोटो काढा. वजनाचे पैसे दुकानदार देईलच. नावाचे तो देत नाही.