आरसा आणि मुख : ‘चांगदेव पासष्टी’चे एक वाचन

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले, नवे कपडे अंगावर चढले, की घरातील लहानथोर सारी मंडळी एकदा तरी आरशासमोर जाऊन येतात. आरशात दिसतो तो मीच, हे आपण इतके गृहीत धरलेले असते, की त्यात विचार करण्याजोगे काही आहे असे कुणाच्या मनातही येत नाही. प्रस्तुत लेखकाच्याही ते पुष्कळ वर्षे आले नव्हते. ज्ञानेश्वरांची ‘चांगदेव पासष्टी’ विद्यार्थिदशेत वाचली होती, तिच्यातील आरशाचा दृष्टांत परीक्षेत लिहूनही दाखविला होता. पण त्याचा अर्थ घरातल्या एका प्रसंगाने फार उशिरा शिकविला. म्हणून सणाच्या दिवसांत थोडा गंभीर विषय काढल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

या लहानशा कृतीची जन्मकथा महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. तापीकाठचे योगी चांगदेव चौदाशे वर्षे जगलेले, अशी आख्यायिका. त्यांना ज्ञानदेवांस पत्र लिहावयाचे होते. वयाने पाहावे तर ‘चिरंजीव’ लिहायला हवे, ज्ञानाने पाहावे तर ‘तीर्थस्वरूप’. मायना ठरेना, म्हणून कोराच कागद धाडला. इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणाल्या. आणि निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर लिहिले. कथेतला चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी एक मर्म उरते. समोरचा माणूस नेमका कोण, हेच न कळल्यामुळे त्या पत्रावर शाई उमटली नाही. मग उत्तरातही ‘तू कोण, मी कोण, आणि आपण एकमेकांना पाहतो म्हणजे काय’ हाच प्रश्न मध्यभागी यावा, हे ओघानेच आले.

पासष्टीच्या आरंभीच एक विलक्षण विधान आहे. परमात्मा लपतो तेव्हा जग भासते, आणि प्रकटतो तेव्हा जगाचा भास गिळून टाकतो. एवढेच वाचून थांबणारा वाचक म्हणेल, हा तर नेहमीचा मायावाद. जग खोटे, ब्रह्म खरे. परंतु ज्ञानेश्वर तेथे थांबत नाहीत. लगेच ते सोन्याकडे वळतात. सोन्याचा दागिना झाला म्हणून त्याचे सोनेपण तसूभरही उणे होत नाही. लाटांचे वस्त्र अंगावर असले तरी पाणी उघडेच असते. ते पाहण्यासाठी लाटा फेडाव्या लागत नाहीत. दागिना वितळवून मगच सोने बघा, असे ज्ञानेश्वर म्हणत नाहीत, हे ध्यानात घेतले पाहिजे. दिसते ते जग चैतन्यावर पडलेले पांघरूण नव्हे. ते त्या चैतन्याचेच रूप आहे. डॉ. शं. दा. पेंडसे यांनी ज्ञानेश्वरांच्या तत्त्वज्ञानाला मायावादापासून वेगळे काढून ‘चिद्विलास’ हे नाव ठसविले, ते याच आधारावर. ‘अमृतानुभवा’त अज्ञानाचे खंडन करण्यासाठी ज्ञानेश्वरांनी सबंध सातवे प्रकरण खर्ची घातले आहे, कारण अज्ञान नावाची स्वतंत्र वस्तू एकदा मान्य केली, की जग तिच्या पदरात टाकावे लागते.

आता आरसा. द्रष्टा, दृश्य आणि दर्शन अशी तीन पदे आपण मांडतो : पाहणारा मी, दिसणारी वस्तू, आणि दोहोंमधला पाहण्याचा व्यापार. ज्ञानेश्वर म्हणतात, आरशात मुख दिसते तेव्हा ही तिन्ही उभी राहिल्यासारखी वाटतात खरी, परंतु तेथे मुखावाचून दुसरे आहे काय? आणि आरसा दूर केला तर मुख नाहीसे होते काय? मुख आरशामुळे दिसते. असते मात्र स्वतःच्या बळावर. ‘दिसणे’ आणि ‘असणे’ यांत पाडलेला हा भेद पासष्टीचा कणा आहे. बिंब-प्रतिबिंबाचा दृष्टांत वेदान्तात जुनाच. तेथे त्याचा भर बहुधा प्रतिबिंबाच्या खोटेपणावर असतो. येथे तो मुखाच्या खरेपणावर आहे. दृष्टांत एकच, परंतु दिवा दुसऱ्या बाजूने धरला आहे. माझ्या मते ज्ञानेश्वरांची कवी म्हणून खरी करामत येथे आहे.

आता तो घरचा प्रसंग सांगतो. माझ्या आईची स्मृती शेवटच्या दोन वर्षांत विरत गेली. प्रथम नावे गेली, मग नाती. एके दिवशी ती माजघरातल्या आरशासमोर उभी राहून आतल्या बाईशी बोलू लागली. “अहो, उभ्या का? बसा ना. चहा टाकते.” तो चेहरा आपला आहे, हे तिला ओळखू येईना. डॉक्टरांनी हा त्या व्याधीचाच एक प्रकार असल्याचे सांगितले आणि आरसा झाकून ठेवण्याचा सल्ला दिला. आम्ही त्यावर चादर टाकली. मला मात्र चैन पडेना. आईला दिसत होते ते खोटे, आणि आम्हांला दिसते ते खरे, हा निवाडा मी कशाच्या बळावर करीत होतो?

आजचे शास्त्र या बाबतीत आपली घमेंड फारशी राहू देत नाही. डोळ्याच्या पडद्यावर जेथून दृष्टीची नस मेंदूकडे जाते, तेथे काहीच दिसत नाही, हे सतराव्या शतकात मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिले. तरीही आपल्या दृश्यात कोठे भोक पडलेले दिसत नाही. ती उणीव परस्पर भरून निघते. पाहणे हे एक नकळत केलेले अनुमान आहे, असे एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झने मांडले. आज काही मेंदुशास्त्रज्ञ त्याही पुढे जाऊन म्हणतात, की आपले नेहमीचे पाहणे हाही एक भासच; फक्त बाहेरून येणारी संवेदना त्याला लगाम घालीत असते. ‘हे आमच्या ज्ञानोबांनी सातशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवले होते,’ असे म्हणण्याचा मोह येथे पुष्कळांना होईल. तो आवरावा. शास्त्रज्ञ मेंदूच्या व्यापाराविषयी बोलत आहेत, ज्ञानेश्वर ज्याच्या ठायी सर्व व्यापार प्रतीत होतात त्या चैतन्याविषयी. दोन्ही एका तागडीत घालणे म्हणजे दोहोंवर अन्याय. परंतु एक गोष्ट खरी. ‘सारे भासच, तेव्हा सारे खोटे’ असा जो निष्कर्ष आज चटकन काढला जातो, त्याला पासष्टीत उत्तर आहे. दागिन्याचा आकार घडविलेला आहे म्हणून सोने खोटे ठरत नाही.

या कृतीत उणे काहीच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. मधल्या ओव्यांत द्रष्टा-दृश्याची चर्चा इतकी आवळून आली आहे, की ‘अमृतानुभवा’चा हात धरल्यावाचून सामान्य वाचकाला वाट सापडत नाही. तेथे कवी मागे पडतो आणि शास्त्री पुढे येतो. पण उत्तरार्धात पत्र पुन्हा पत्र होते. कापराचा कण जसा कापूरच, तसा तू वटेश्वराचा पुत्र, असे ज्ञानदेव चांगदेवांना सांगतात. आपला संवाद कसा? तर तळहाताने तळहाताला मिठी घालावी, उजेडाने उजेड पाहावा, मुखानेच मुखाचा आरसा व्हावे, तसा. आणि मग येते ती कबुली, जी केवळ तत्त्वज्ञाच्या लेखणीतून उतरली नसती. तुला भेटावे म्हणून जीव उल्हासतो, पण आपली भेट तर आधीच झालेली आहे; प्रत्यक्ष भेटीने ती विसकटेल की काय, अशी भीती वाटते! मिठाचा खडा पाण्याची खोली मोजायला गेला आणि स्वतःच उरला नाही, मग मापणार कोण? दोघेही एकमेकांसमोर ठेवलेले, पण डोळे असलेले आरसे आहेत, असे ज्ञानदेव अखेरीस सुचवितात. ज्याने ‘दुसरा कोणी नाही’ असे सिद्ध केले, त्यालाच दुसऱ्याच्या भेटीची अशी ओढ असावी, हा विरोध त्यांनी लपविला नाही. उलट त्या ओढीलाच त्यांनी प्रमाण मानले आहे. जगाला खोटे मानणाऱ्याला भेटीची ओढ लागण्याचे कारणच नव्हते.

आईच्या हयातीतली शेवटची दिवाळी आली, तेव्हा साफसफाईच्या गडबडीत आरशावरची चादर कुणीतरी काढली आणि परत घालायची राहिली. पाडव्याच्या सकाळी आई करंडा घेऊन तेथे उभी होती. तिने आतल्या बाईच्या कपाळी काचेवरच हळदकुंकू लावले, आणि आपल्याही कपाळी कुणीतरी लावील म्हणून मान थोडी पुढे करून थांबली. तेव्हा माझ्या पत्नीने पुढे होऊन तिला कुंकू लावले. आई समाधानाने हसली. आरशातली बाईही हसली.

पासष्टीने आईचा आजार बरा केला नसता, आणि तसा तिचा दावाही नाही. चेहरा ओळखण्याची शक्ती गेली, नाव गेले, नाते गेले. तरी आल्यागेल्याला बसा म्हणणारे, कुंकवासाठी कपाळ पुढे करणारे जे तिच्यात होते, ते आरशावाचून होते. नावारूपावेगळे तुझे खरे स्वरूप आहे, असे ज्ञानदेव चांगदेवांना शेवटी सांगतात, तेव्हा ते याहून फार मोठे काही सांगत असतील. मला त्यातले एवढेच कळले. आरशावर ती चादर मात्र आम्ही पुन्हा घातली नाही.