वाँग किम आर्कचें निकालपत्र : एक परीक्षण

न्यायालयाचें निकालपत्र वाङ्मय म्हणून वाचावें काय, असें कित्येक वाचक आम्हांस विचारतील. ज्या लेखांतील चार शब्दांच्या अर्थावर असंख्य मनुष्यांचें देशाशीं असलेलें नातें टांगलेलें आहे, तो टीकाकारानें वाचूं नये तर कोणीं वाचावा? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २८ मार्च १८९८ रोजीं दिलेला वाँग किम आर्क खटल्याचा निकाल असाच लेख होय.

हकीकत थोडक्यांत अशी. वाँग किम आर्क सॅन फ्रान्सिस्को येथें चिनी मातापितरांच्या पोटीं जन्मला. पुढें १८८२ च्या कायद्यानें चिनी मजुरांस अमेरिकेचीं दारें बंद झालीं. १८९५ सालीं चीनला जाऊन तो परतला, तेव्हां ‘तूं येथील नागरिक नव्हेस’ म्हणून त्यास बंदरावरच अडविण्यांत आलें. आतां, १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालानें आफ्रिकी वंशाच्या लोकांस नाकारलेलें नागरिकत्व त्यांस मिळावें म्हणून १८६८ सालीं चौदावी घटनादुरुस्ती झाली होती. तिच्याप्रमाणें अमेरिकेंत जन्मलेला व तिच्या अधिकारास अधीन असलेला प्रत्येक मनुष्य नागरिक ठरतो. परक्या बादशहाच्या प्रजेचें मूल असें ‘अधीन’ म्हणावें कीं नाहीं, एवढाच वाद.

सहा विरुद्ध दोन मतांनीं न्यायालयानें होय म्हटलें. न्या. ग्रे यांनीं जुन्या इंग्रजी कायद्याचा आधार घेऊन अपवाद मोजकेच ठेविले : परकीय राजदूतांचीं मुलें, मुलूख व्यापून बसलेल्या शत्रूचीं मुलें, आणि तद्देशीय जमातींतील मुलें. परंतु निकालपत्राचें खरें सामर्थ्य त्यांतील एका साध्या मुद्द्यांत आहे. चिनी मूल वगळावयाचें, तर इंग्रज, स्कॉच, आयरिश, जर्मन आईबापांचीं जीं हजारों मुलें आजवर नागरिक मानलीं गेलीं, त्यांचें काय? मातापितरांचा वंश पाहून शब्दाचा अर्थ पालटतां येत नाहीं.

सरन्यायाधीश फुलर यांचें भिन्न मत तुच्छ मानण्याजोगें नाहीं. जन्मभूमीवरून राजनिष्ठा ठरविणें ही सरंजामी कल्पना; प्रजासत्ताकानें ती कां जोपासावी, हा त्यांचा प्रश्न मार्मिक आहे. परंतु चिनी लोकांविरुद्धच्या कायद्यांच्या व तहांच्या उजेडांत ते घटना वाचूं लागतात, तेथें आमचा त्यांच्याशीं विरोध आहे. कायद्यानेंच घटनेचा अर्थ ठरवावयाचा, तर घटना हवी कशास?

ग्रे यांचें लेखन निर्दोष आहे असेंही नाहीं. पूर्वनिर्णयांची रास इतकी मोठी कीं वाचकास धाप लागावी. शिवाय विवेचन व्यापक, पण निर्णयाचा प्रश्न मात्र ‘तेथें कायमचें वास्तव्य असलेल्या’ मातापितरांपुरता मांडलेला. या फटींतून पुढील वादास वाट मिळाली. बेकायदा वा तात्पुरत्या वास्तव्यास असलेल्यांच्या मुलांस नागरिकत्व नाकारणारा अध्यक्षीय हुकूम २० जानेवारी २०२५ रोजीं निघाला, तेव्हां त्याच्या समर्थकांनीं याच शब्दांवर बोट ठेविलें.

आणखी एक गोष्ट विसरतां येत नाहीं. आपली जमात सोडून ओमाहा शहरांत राहणाऱ्या जॉन एल्क यास १८८४ सालीं जन्मसिद्ध नागरिकत्व नाकारणारें निकालपत्रही ग्रे यांचेंच. त्या वेळीं एल्कच्या बाजूनें भिन्न मत लिहिणारे न्या. हार्लन १८९८ सालीं फुलर यांच्या पंक्तीस बसले. तद्देशीय जमातींस सरसकट नागरिकत्व मिळालें तें १९२४ च्या कायद्यानें. एकच कलम, तेच न्यायाधीश. पण समोरचा मनुष्य बदलतांच दोघांच्याही दृष्टीची दिशा बदलली.

आपल्याकडे जन्मसिद्ध नागरिकत्व १९५५ च्या कायद्यांत होतें. संसदेनें तें १ जुलै १९८७ पासून व पुन्हां ३ डिसेंबर २००४ पासून संकुचित केलें. अमेरिकेंत तें घटनेंतच कोरलेलें आहे, म्हणून त्यास हात घालूं पाहणाऱ्यास आधीं वाचनाचा मार्ग धरावा लागतो. ज्या समाजाचे हक्क शब्दांत सुरक्षित आहेत, त्यानें शब्द वाचणारांवर डोळा ठेवावा, हेंच या जुन्या निकालपत्राचें आजचें मोल आहे.