हलक्या पुस्तकांचा ताळेबंद

बँकेच्या नोकरीत रजेचे बरेच प्रकार आहेत. त्यांतली सगळ्यांत मानाची म्हणजे प्रिव्हिलेज लीव्ह, आमच्या भाषेत पी. एल. नावाप्रमाणे ती हक्काची. पण मे महिन्यात मागायला गेलात की एकदम मेहेरबानीची होते. मार्च एंडिंगचा घाम पुसून होतो न होतो तोच निम्म्या शाखेला कोकणातले आंबे हाका मारू लागतात आणि मॅनेजरसाहेब सगळ्यांना एकच उत्तर देतात, "बघू." यंदा मला मात्र चक्क बारा दिवसांची पी. एल. मिळाली. याचे श्रेय माझ्या कामगिरीला नाही, आमच्या अण्णांच्या मोतीबिंदूला आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ऐंशी. सारा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेला, त्यामुळे उत्तर बरोबर येऊनही रीत चुकली तर मार्क कापायची सवय अजून आहे. ऑपरेशन सुखरूप पार पडले. काळा चष्मा लावून अण्णा घरी आले. डॉक्टरांनी बजावले होते : वेळच्या वेळी थेंब घाला, डोक्यावरून पाणी घेऊ नका, थोडे दिवस वाचन नको आणि आहार हलका ठेवा.

"वाचायचं नाही, तर दिवसभर करायचं काय?" अण्णा.

"मी वाचून दाखवतो ना," मी म्हणालो.

"काय वाचणार?"

"डॉक्टरांनीच सांगितलंय. हलकंच."

काळ्या चष्म्यामुळे अण्णांची नजर मला दिसली नाही. पण ती मी लहानपणापासून पाठ केलेली आहे.

आता या 'हलके' शब्दाचाच काय गुन्हा आहे पाहा. न्हाव्याचा हात हलका असला तर आपण त्याची शिफारस करतो. मन हलके झाले तर देवाचे आभार मानतो. भाकरी हलकी झाली तर सासूसुद्धा सुनेचे कौतुक करते. फक्त पुस्तक हलके म्हटले की सभ्य माणसे नाक मुरडतात. जणू काही पुस्तक हा रद्दीचा व्यवहार आहे आणि भाव किलोवरच ठरायचा आहे!

तरीही पहिले दोन दिवस मी अण्णांच्या मर्जीप्रमाणे एक जड कादंबरी वाचली. सहाशे पाने. नाव सांगत नाही. न जाणो, लेखकाचे खाते आमच्याच शाखेत निघायचे. पहिल्या पानावर नायक खिडकीशी उभा होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, एकशेदहाव्या पानावर, तो तिथेच उभा होता. दरम्यान त्याला एक पत्र आले होते, ते त्याने फोडले नव्हते. एक बाई येऊन रडून गेली होती, ती का रडली ते तिने सांगितले नव्हते. मी शेवटचे पान उघडून पाहिले. पत्र तसेच बंद!

"अण्णा, पत्रात काय होतं ते शेवटपर्यंत कळत नाही," मी म्हणालो.

अण्णांनी उत्तर दिले नाही. ते मघाच झोपले होते.

आणि त्याच क्षणी, माठातल्या पाण्याचा तांब्या तोंडाला लावलेला असताना, मला साहित्यशास्त्रातला एक सिद्धांत सुचला. मी बी. कॉम. माणूस, त्यामुळे तो हिशेबाच्या भाषेतच सुचला.

बँकेत 'सस्पेन्स अकाउंट' नावाचे एक खाते असते. एखादी रक्कम आली, पण ती कुणाची, कशापोटी, याचा पत्ता लागत नसला की ती तात्पुरती त्या खात्यात ठेवायची. पुढे छडा लागला की तिथून काढून योग्य ठिकाणी टाकायची. सस्पेन्स खात्यात नोंदी फार साठल्या की ऑडिटर डोळे वटारतो. आता गंमत अशी, की ज्यांना आपण सस्पेन्सच्या कादंबऱ्या म्हणतो, त्यांचे सस्पेन्स खाते शेवटच्या पानावर हटकून शून्यावर येते. पहिल्या प्रकरणातला हातरुमाल, तिसऱ्यातली शिटी, पाचव्यातला लंगडणारा गडी, साऱ्यांचा हिशेब लागतो. उलट जड कादंबरीवाले न फोडलेली पत्रे आणि न सांगितलेली रडणी खुशाल सस्पेन्स खात्यात टाकून मोकळे होतात, आणि टीकाकार त्याला 'अनेकार्थसूचकता' म्हणतात. आमच्याकडे त्याला मेमो म्हणतात.

तर माझी हलक्या पुस्तकाची कसोटी ही : खाते जुळले पाहिजे. आणि ते जुळवताना लेखकाला आलेला घाम वाचकाच्या अंगावर उडता कामा नये.

तिसऱ्या दिवसापासून मी कारभार हातात घेतला. दुपारची जेवणे झाली की हॉलमध्ये सतरंजी पडे, पन्ह्याचे पेले येत, वरचा पंखा कुरकुरत फिरू लागे आणि मी वाचायला बसे. शुभारंभ चिमणरावांनी केला.

चिं. वि. जोशी (१८९२-१९६३) बडोद्याला पालीचे प्राध्यापक होते, बौद्ध वाङ्मयाचे पंडित. म्हणजे जड पुस्तके त्यांना लिहिता येत नव्हती म्हणून त्यांनी हलकी लिहिली, असे कुणी म्हणू शकणार नाही. 'चिमणरावाचे चऱ्हाट' १९३३ सालचे. नव्वद वर्षे होऊन गेली, मराठी भाषेने तीन वेळा कपडे बदलले, पण अण्णा पोट धरून हसत होते आणि थेंब घातलेले डोळे पुसू नका म्हणून बायको ओरडत होती. हे का टिकले? मला वाटते, चिमणराव आपली गोष्ट स्वतःच सांगतात आणि फजितीचा सगळा खर्च स्वतःच्या नावे टाकतात. स्वतःचे नाव चिमण, बायको काऊ, मुलं मोरू, मैना आणि राघू, म्हणजे घर आहे की पिंपळाचे झाड. पण या गृहस्थाला त्यात काही विनोदी आहे असे वाटतच नाही! तो अगदी गंभीरपणे, कारकुनी चोखपणाने संकटाचा अहवाल देतो. आणि गुंड्याभाऊ ते संकट निस्तरायला म्हणून येतो आणि दुप्पट करून ठेवतो. आपण दोघांनाही हसतो, पण दोघांपैकी कुणालाही घराबाहेर काढावेसे वाटत नाही.

याच्या शेजारी त्यानंतर निघालेला बराचसा विनोद ठेवून पाहा. सासू आली, हसा. बायको जाडी आहे, हसा. साहेब बहिरा आहे, हसा. वाक्यागणिक तीन तीन उद्गारचिन्हे, म्हणजे हसायचे कुठे ते चुकायला नको. ही पुस्तके पातळ असतात, पण हलकी नसतात. कारण त्यांत हसण्याचा खर्च नेहमी दुसऱ्याच्या नावे पडतो आणि लेखक स्वतः फुकट जेवून जातो.

पुढचे दोन दिवस पु. लं.चे. साहेबांनी मध्येच फोन करून विचारले, "पी. एल. मध्ये काय चाललंय?" मी म्हणालो, "पी. एल. चाललेत." त्यांना वाटले मी कोटी करतोय. कोटी होती खरी, पण आधी ती वस्तुस्थिती होती. 'असा मी असामी'तला धोंडो भिकाजी जोशी हा आमच्याच जातीचा, म्हणजे कारकून. तेव्हा लक्षात आले की मराठी विनोद कारकुनांनी केवढा पोसला आहे! याचे कारण सरळ आहे. राजाची फजिती झाली तर युद्ध होते. कारकुनाची झाली तर फक्त गोष्ट होते. पु. लं.च्या बाबतीत माझी एकच तक्रार, तीसुद्धा दबक्या आवाजात : पुष्कळांना ते इतके पाठ आहेत की आपण हसण्याच्या आत शेजारचा पुढचे वाक्य म्हणून दाखवतो. आमच्या घरी हे काम अण्णांनी केले.

अण्णा झोपले की मी एकटा वुडहाउसकडे वळे. वुडहाउस (१८८१-१९७५) हा तर आमचा बंधूच. लेखक होण्याआधी १९०० ते १९०२ अशी दोन वर्षे तो लंडनमध्ये हाँगकाँग अँड शांघाय बँकेत नोकरीला होता. त्यानेच सांगितलेली हकीकत आहे. एक नवे कोरे लेजर आले. त्याच्या चकचकीत पहिल्या पानाचा मोह न आवरून याने त्यावर एक विनोदी लेख लिहून काढला, आणि मग नोकरीच्या भीतीने ते पान कापून टाकले. ही गोष्ट वाचल्यावर मला दोन रात्री झोप आली नव्हती. त्याचे लेखन आठवून नव्हे, त्या लेजरची पाने मोजणाऱ्याची कीव येऊन.

वुडहाउसवर आरोप असा, की त्याने नव्वदच्या वर पुस्तके लिहिली पण सगळी एकच आहेत. असतीलही. आमची आई दर मे महिन्यात तेच लोणचे घालते. 'यंदा काही नवा दृष्टिकोन?' असे तिला कुणी विचारीत नाही. मुद्दा फोडींचा आणि खाराचा आहे. कादंबरी लिहायला बसण्याआधी हा माणूस कथानकाची शेकडो पाने नुसती टिपणे काढीत असे. चोरीला गेलेले डुक्कर, मोडलेले लग्न आणि चिडलेली आत्या या तीन जमाखर्चाच्या बाजू शेवटी पैशापर्यंत जुळतात त्या उगीच नाही. एकच गोष्ट आपल्याला उसनी घ्यावी लागते, ती म्हणजे त्याचा उन्हाळा. त्याची माणसे ऊन पडले की आनंदाने हिरवळीवर चहा प्यायला जातात. आपण ते वाचतो दारे-खिडक्या लावून.

एक दुपार माझ्या मुलाने मागून घेतली, फास्टर फेणेसाठी. भा. रा. भागवतांचा (१९१०-२००१) हा फुरसुंगीचा बनेश फेणे किडकिडीत आहे, श्रीमंत नाही, आणि सायकलवर भरवसा ठेवतो. मुलांसाठी लिहायचे म्हणजे मध्येमध्ये उपदेशाची गोळी साखरेत घोळून द्यायची, हा आपल्याकडचा जुना रिवाज. भागवतांनी साखर ठेवली आणि गोळी बहुधा दिलीच नाही. मोबाइल बाजूला ठेवून मुलगा दोन तास ऐकत होता आणि मध्येच त्याने जीभ टाळूला लावून 'ट्टॉक्' केले, तेव्हा मला सगळी पी. एल. वसूल झाल्यासारखे वाटले.

आणि शेवटी आले बाबूराव अर्नाळकर. ते मी मुद्दामच शेवटी ठेवले होते. त्याला कारण आहे.

१९९३ सालचा मे महिना. मी आठवीची परीक्षा दिलेली. आमच्या आळीत एक सर्क्युलेटिंग लायब्ररी होती. रहस्यकथा एक दिवसाच्या बोलीने, पुढे रोज पन्नास पैसे दंड. बीजगणिताच्या पुस्तकाच्या आत अर्नाळकर ठेवून मी वाचत होतो. झुंझार ऐन संकटात, शेवटची वीसएक पाने उरलेली, आणि वरून अण्णांचा हात आला. "हलकी पुस्तकं वाचून डोकं हलकं होतं," ते म्हणाले. "उद्या सकाळी मी स्वतः परत करतो." पुढच्या आठवड्यात लायब्ररीवाल्याने माझ्याकडून एक रुपया घेतला, दोन दिवसांचा दंड. मी त्याला खोटा म्हणालो. गणिताच्या मास्तरांनी 'उद्या' म्हटले म्हणजे उद्या! मी भांडून अनामत परत घेतली आणि त्या लायब्ररीची पायरी पुन्हा चढलो नाही.

तेच पुस्तक यंदा मला जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडले. मी समीक्षक म्हणून प्रामाणिकपणे सांगतो, त्यातली माणसे पुठ्ठ्याची आहेत. दुष्ट माणूस दारातून आत आला की नुसत्या हसण्यावरून ओळखू येतो. अर्नाळकरांनी हजारावर पुस्तके लिहिली. एवढ्या माणसांना रक्तमांस पुरवायला वेळ कुठला? पण वेग! प्रकरण संपते ते वाचकाला सोडण्यासाठी नव्हे, त्याची कॉलर धरण्यासाठी. मराठीत कितीतरी लोकांना वाचायची चटक या पुठ्ठ्याने लावली, आणि पुढे तेच लोक जड पुस्तकांकडे गेले. पाया घातला त्याचे नाव इमारतीवर नसते, एवढेच.

मी शेवटच्या वीस पानांशी आलो. आता तरी शेवट कळणार म्हणून माझाच आवाज थरथरत होता. तेवढ्यात अण्णा डोळे मिटूनच म्हणाले, "तो नव्हे रे. तो नुसता दिसतो तसा." आणि त्यांनी पुढचे सगळे धडाधड सांगून टाकले. मी पाने चाळून पडताळा पाहिला. रीतीसह बरोबर!

"अण्णा, तुम्ही हे कधी वाचलंत?"

बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज येत होता.

"जप्त केलं त्या रात्री," अण्णा म्हणाले. "सुरुवात कळेना म्हणून मग दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून वाचलं. मग तुझ्या आईने मागितलं."

"मला एक रुपया दंड पडला होता."

"मागायचास माझ्याकडे."

कसा मागणार? माझ्या हिशेबी दोषी लायब्ररीवाला होता. माझी बत्तीस वर्षांची नोंद त्या दुपारी सस्पेन्स खात्यातून निघाली आणि योग्य खात्यात पडली, पण खाते काही शून्यावर आले नाही. लायब्ररीच्या जागी आता मोबाइलचे दुकान आहे. ते गृहस्थ कुठे गेले ते आळीत कुणाला ठाऊक नाही. खोटा म्हणालो तो शब्द परत कुणाच्या नावे जमा करायचा?

जड कादंबरीतला तो नायक खिडकीशी का उभा राहतो, ते मला तेव्हा थोडेसे कळले. मीही खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

"काय झालं?" मागून अण्णांचा आवाज आला. "शेवट सांगितला म्हणून रागावलास? कसं उलगडतं ते राहिलंच की अजून. बैस, वाच पुढे."